आधी पट्टी जपा, सरासरी मग काढता येईल

मा. सभापती आणि सर्व संचालक,
जुन्नर कृषी उत्पन्न बाजार समिती यांस,



आळेफाट्याच्या उपबाजारात कांद्याचे लिलाव आटोपले की तो सगळा दिवस चार आकड्यांत मावतो : आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर. पणन मंडळाच्या रोजच्या तक्त्यात असेच चार आकडे असतात, केंद्राच्या ‘ॲगमार्कनेट’वर तेच दिसतात आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्यांतला एकच, म्हणजे कमाल दर, मथळ्यात चढतो. तो दर बहुधा एखाद-दुसऱ्या वक्कलाला, म्हणजे एकत्र विकल्या गेलेल्या मालाच्या एखाद्या वाट्याला, मिळालेला असतो. बाजारात त्या दिवशी खरोखर जे घडले ते मात्र पट्ट्यांवर, म्हणजे विक्रीच्या हिशोबपावत्यांवर, असते. कोणत्या शेतकऱ्याचा माल, कोणत्या गावचा, किती पिशव्या, काट्यावर वजन किती भरले, प्रत गोळा होती की गोलटी की बदला, कोणी घेतला, काय दराने, हमाली-तोलाई जाऊन हातात काय पडले, हे सारे पट्टीला ठाऊक असते. पट्टी फाडली की शेतकऱ्याचा हिशोब मिटतो, बाजार फी वसूल झाली की समितीचाही मिटतो आणि एवढी तपशीलवार नोंद पुढे सहसा कोणाच्याच कामाला येत नाही. समितीने या पट्ट्यांचे कायमस्वरूपी डेटा वेअरहाउस उभारावे, सुरुवात आळेफाट्याच्या कांद्यापासून करावी आणि त्याचा पाया गोषवाऱ्यावर न घालता पट्टीवर घालावा, या मागणीसाठी हे जाहीर पत्र आहे.

गोषवारा का पुरत नाही, हे एका कल्पित हिशोबाने दाखवतो. समजा, दोन लिलावांत प्रत्येकी शंभर वक्कले आली, सगळी सारख्याच वजनाची. दोन्ही दिवशी दहा किलोला किमान १००, कमाल ३०० आणि सर्वसाधारण २०० रुपये असा दर जाहीर झाला. पहिल्या दिवशी ऐंशी वक्कले १८० ते २२० या पट्ट्यात गेली आणि उरलेली निम्मी खाली, निम्मी वर. दुसऱ्या दिवशी तीस वक्कले २०० ला गेली, पंचेचाळीस १०० ते १३० च्या दरम्यान पडली आणि पंचवीस २६० च्या वर चढली. पहिल्या दिवसाची सरासरी २०० च्या आसपास येते, दुसऱ्या दिवसाची १८२ च्या जवळ. दहा किलोमागे अठरा रुपये म्हणजे शंभर क्विंटलला अठरा हजार. कागदावर दोन्ही दिवस जुळे भाऊ दिसतात, पण दुसऱ्या दिवशी जवळपास निम्म्या शेतकऱ्यांचा खर्चही निघाला नसेल. पट्ट्या हाताशी असल्या तर हा फरक पाच मिनिटांत सापडतो. तिन्ही दर हाताशी असले आणि पट्ट्या रद्दीत गेल्या असल्या, तर तो कधीच सापडत नाही. तपशिलातून गोषवारा केव्हाही काढता येतो, गोषवाऱ्यातून तपशील परत काढता येत नाही. वेअरहाउस बांधणाऱ्यांच्या व्यवहारात यालाच सर्वांत पहिला निर्णय मानतात : साठ्यातली एक ओळ म्हणजे नेमके काय? माझे उत्तर आहे, एका शेतकऱ्याच्या एका वक्कलाची एक विक्री. त्याहून मोठी ओळ धरली, तर पुढचा सगळा खर्च वाया.

डेटा वेअरहाउस म्हटले की मोठा संगणक आणि भिंतीवरचा रंगीत पडदा डोळ्यांसमोर येतो. प्रकार त्याहून साधा आहे आणि आपल्या हिशोबनीसांना परका नाही. रोजकीर्दीत व्यवहार घडेल त्या क्रमाने उतरतो, खतावणीत तोच व्यवहार खात्यावार मांडला जातो. पट्टी बनवणारी संगणकप्रणाली ही समितीची रोजकीर्द झाली. तिचे काम आजचा लिलाव न अडकता पार पाडणे. वेअरहाउस ही अनेक वर्षांची, अनेक आवारांची, एकाच पद्धतीने मांडलेली खतावणी. बिल इनमन यांनी १९९२ साली या विषयावर लिहिलेल्या पुस्तकात अशा साठ्याची चार लक्षणे सांगितली : तो विषयवार मांडलेला असावा, वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली माहिती त्यात एकजीव व्हावी, प्रत्येक नोंदीला काळाचा संदर्भ असावा आणि एकदा आत गेलेली नोंद पुसली जाऊ नये. यांतली पहिली तीन लक्षणे कोणताही ठेकेदार मान्य करील. चौथ्यावर समितीने अडून बसायला हवे. पट्टी चुकली, तर जुनी खोडून नवी लिहायची नाही, दुरुस्तीची वेगळी नोंद करायची. कोणत्या तारखेला, कशासाठी दुरुस्ती झाली हे दोन्ही नोंदींवरून दिसले पाहिजे. खाडाखोड केलेल्या वहीवर कोणी विश्वास ठेवत नाही आणि संगणकात तर खाडाखोड दिसतसुद्धा नाही.

नोंद जपण्याची किंमत किती असते, हे २०२३ साली कांद्याच्या अनुदानाने दाखवून दिले. त्या वर्षी दर कोसळल्यावर राज्य सरकारने १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात बाजार समित्यांत विकलेल्या लेट खरीप लाल कांद्याला क्विंटलमागे आधी ३०० आणि मग ३५० रुपये जाहीर केले. मर्यादा होती शेतकऱ्यामागे २०० क्विंटलची. म्हणजे एका पट्टीच्या पुराव्यावर सत्तर हजार रुपयांपर्यंतचा हक्क अवलंबून होता. मागितले काय? विक्रीची मूळ पट्टी, सातबाऱ्यावर कांद्याची नोंद, बँक खाते. सातबारा वडिलांच्या नावावर आणि पट्टी मुलाच्या नावावर, ही तर घरोघरची गोष्ट. त्यासाठी संमतीची आणि शपथपत्राची वेगळी वाट काढावी लागली. विकलेला कांदा लाल की उन्हाळी, हा प्रश्नही पट्टीवर जात लिहिलेली असेल तरच सुटणार. २०१८ च्या अखेरीस क्विंटलला २०० रुपयांचे अनुदान मिळाले होते, तेव्हाही असाच खटाटोप झाला होता. दोनदा झालेली गोष्ट तिसऱ्यांदा होणार नाही असे मानायला काही आधार नाही. वक्कलागणिक नोंद, त्यात मालाची जात आणि शेतकऱ्याची ओळख असे वेअरहाउस असेल, तर पात्र विक्रीची यादी समिती स्वतः काढून देईल. पुराव्याचे ओझे शेतकऱ्याच्या खिशातल्या कागदावरून उतरून ते असायला हवे तिथे, म्हणजे नोंद ठेवणाऱ्या संस्थेवर जाईल. आता ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक आला आहे. तो पट्टीवर घेण्याची सोय आजच केली, तर एकाच माणसाची तीन पद्धतींनी लिहिलेली नावे जुळवत बसण्याचा त्रास निदान पुढच्या नोंदींपुरता टळेल.

आपल्याच तालुक्यात याहून ठळक उदाहरण आहे. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीने, ‘जीएमआरटी’ने, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांनी २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झवर आकाशाची पाहणी केली. त्या पाहणीचे मूळ मापन जसेच्या तसे जपून ठेवले होते. नंतर दुसऱ्या संशोधकांच्या गटाने तेच मापन घेतले, नव्या पद्धतीने पुन्हा पारखले आणि २०१७ साली सुमारे ६ लाख २० हजार रेडिओस्रोतांची सूची प्रसिद्ध केली. पाहणी करणाऱ्यांनी फक्त आपले निष्कर्ष ठेवून कच्चे मापन पुसून टाकले असते, तर हे काम होऊच शकले नसते. खोडद आणि आळेफाटा यांतले अंतर काही फार नाही. मात्र एका ठिकाणी दूरच्या आकाशगंगेकडून आलेला क्षीण संकेतही मोलाचा ठरतो आणि दुसऱ्या ठिकाणी शेतकऱ्याने वर्षभराच्या कष्टांनंतर केलेली विक्री चार आकड्यांपुरती उरते. पुढे कोणता प्रश्न विचारला जाईल हे आज माहीत नसते, म्हणूनच मूळ नोंद ठेवायची.

खरी मेहनत संगणकात नाही, मापांत आणि नावांत आहे. आपल्याकडे कांद्याचा दर दहा किलोवर बोलला जातो, सरकारी तक्त्यात तो क्विंटलवर येतो. नारायणगावचा टोमॅटो वीस किलोच्या क्रेटवर विकला जातो, कोथिंबीर-मेथी जुड्यांच्या शेकड्यावर. दहा किलोचे क्विंटल करणे सोपे. जुडीचे किलो करणे मात्र धोक्याचे, कारण पावसाळ्यातली जुडी आणि उन्हाळ्यातली जुडी यांचे वजन एक नसते. तिथे हटकून किलो काढले, तर आकडा नेटका दिसेल आणि खोटा असेल. म्हणून प्रत्येक नोंदीत बोलले गेलेले मूळ माप ठेवावे, रूपांतर वेगळ्या रकान्यात करावे आणि जिथे रूपांतराला आधार नाही तिथे तो रकाना रिकामा सोडावा. प्रतवारीचेही तसेच. सुपर, गोळा, एक नंबर, दोन नंबर, गोलटी, बदला ही नावे सगळ्यांना समजतात, पण एका आडतदाराचा गोळा दुसऱ्याचा सुपर असू शकतो. समितीने आडतदार, मापाडी आणि शेतकरी यांना एकत्र बसवून या नावांच्या व्याख्या दोन पानांवर लिहून घेतल्या, तरी लाखो रुपयांच्या सॉफ्टवेअरपेक्षा ती दोन पाने अधिक कामाला येतील. त्यात काळाचाही घोळ आहे. पारनेर-संगमनेरकडून येणाऱ्या मालाच्या जुन्या पट्टीवर जिल्हा अहमदनगर असेल, नव्यावर अहिल्यानगर. दोन्ही एकच हे साठ्याला सांगावे लागते. तेही असे, की जुन्या पट्टीवरचे नाव बदलायचे नाही, फक्त दोहोंचा धागा जुळवायचा. आळे आणि आळेफाटा ही नावे लिहिणारा आपल्या मर्जीने एकमेकांच्या जागी लिहितो, तेव्हा गाववार आवक कशी चुकते हे वेगळे सांगायला नको.

एवढे करून हाती काय येईल, असा प्रश्न आपल्यापैकी कोणी विचारला तर तो योग्यच आहे. उत्तर शोधायला कांदा साठवण्याच्या बराखीत जाऊ. रब्बीचा कांदा निघाला की शेतकरी तो भरतो आणि पुढचे काही महिने एकच प्रश्न त्याच्या मागे असतो : आता काढावा की थांबावे? सर्वसाधारण दर महिन्यागणिक चढताना दिसला, तरी थांबणे परवडलेच असे होत नाही. साठवणुकीत वजन घटते, काही माल सडतो आणि विकायला आणलेल्यातला बदल्याचा वाटा वाढतो. दराच्या चढत्या रेघेत हे तिन्ही लपून जाते. वक्कलवार साठ्यात मात्र एप्रिलमध्ये आलेल्या मालात गोळा किती आणि बदला किती, ऑक्टोबरमध्ये किती, हे प्रमाण बाहेर येते आणि ‘थांबल्याने सरासरी किती हाती पडले’ याचे उत्तर अंदाजाऐवजी नोंदींवरून देता येते. किती सडून उकिरड्यावर गेले, हे पट्टी सांगणार नाही. ती मर्यादा तक्त्याखाली लिहावी लागेल.

दुसरा प्रश्न दिल्लीच्या निर्णयांचा. १९ ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क आले, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरचे किमान निर्यातमूल्य, ८ डिसेंबरला थेट बंदी. ४ मे २०२४ ला ५५० डॉलरच्या अटीवर बंदी उठली, सप्टेंबरमध्ये शुल्क निम्म्यावर आले आणि १ एप्रिल २०२५ ला ते गेले. यांतल्या प्रत्येक तारखेच्या आधीच्या आणि नंतरच्या लिलावांत आळेफाट्यावर काय घडले? मोठ्या वक्कलाला झळ अधिक लागली की लहान? निर्यातीचा गोळा पडला, पण गोलटी टिकली का? बंदीनंतर किती खरेदीदार बाजारात उरले? आपल्याकडे यावर मोर्चे झाले, निवेदने गेली. निवेदनात ‘शेतकऱ्याचे अतोनात नुकसान’ असे लिहिण्याऐवजी समितीने आपल्या शिक्क्यानिशी तारीखवार, प्रतवार तक्ता जोडला असता, तर त्याला उत्तर देणे सरकारला जड गेले असते. हा तक्ता द्यायला समितीइतकी योग्य जागा दुसरी नाही. १९६३ च्या पणन कायद्याने शेतमालाची विक्री, दर आणि हालचाल यांची माहिती गोळा करणे, जपणे आणि पुरवणे हे समितीचेच काम ठरवले आहे.

हरकती येणार, आणि त्या सगळ्याच पोकळ नाहीत. ‘पणन मंडळ आहे, ॲगमार्कनेट २००० सालापासून आहे, २०१६ पासून ई-नाम आहे, मग हे आणखी कशाला?’ पहिल्या दोन ठिकाणी गोषवारा जातो, त्याच्या अपुरेपणाबद्दल वर लिहिलेच आहे. ई-नाम हा सौदा करण्याचा मंच आहे. आपल्या आवाराच्या वीस वर्षांच्या इतिहासाला आपल्या भाषेत प्रश्न विचारण्याची ती जागा नव्हे. वेअरहाउस या तिन्हींच्या आड येत नाही, उलट त्यांना रोज पाठवायचे आकडे त्यातूनच आपोआप निघतील आणि हाताने भरण्याचे काम वाचेल.

‘२०१६ साली फळे-भाजीपाला, कांदा-बटाटा यांचा आवाराबाहेरचा व्यापार नियमनमुक्त झाला. बांधावर विकलेला माल तुमच्या साठ्यात येणारच नाही, मग हे चित्र अर्धवट नाही का?’ अर्धवट आहे. आवाराबाहेरच्या मालाबद्दल या साठ्याने अवाक्षर काढू नये. पण या हरकतीतूनच माझा मुद्दा बळकट होतो. शेतकऱ्याला आता आवारात येण्याची सक्ती नाही. बांधावर आलेला व्यापारी ‘आळेफाट्याला काल एवढाच दर होता’ म्हणतो, तेव्हा त्या शेतकऱ्याच्या फोनवर कालच्या गोळ्याचा, कालच्या गोलटीचा खरा दर, निम्मा माल कोणत्या दराच्या वर गेला यासह दिसत असेल, तर आवारात पाऊल न ठेवताही समिती त्याच्या उपयोगी पडते. सक्ती गेल्यावर बाजार समितीकडे उरणारे भांडवल हेच, विश्वासाचा दर.

व्यापारी आणि आडतदार यांची हरकत सर्वांत अवघड. कोण किती माल घेतो हे त्यांचे व्यवसायगुपित आहे आणि शेतकऱ्याची विक्री ही त्याची खासगी बाब आहे, हे मान्य करूनच पुढे जायला हवे. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदाही ही जबाबदारी टाकतो. म्हणून साठ्यात नावे असली, तरी जाहीर होणाऱ्या कोणत्याही तक्त्यात नाव नसावे. एखाद्या गावचे मोजकेच शेतकरी त्या आठवड्यात आले असतील, तर त्या गावाचा आकडा वेगळा न दाखवता शेजारच्या गावांत मिळवावा. नाव कोणी पाहिले, केव्हा पाहिले, याची नोंद आपोआप राहावी. मात्र गुपिताच्या नावाखाली एक गोष्ट झाकू देऊ नये : एकूण खरेदीतला किती हिस्सा पहिल्या तीन खरेदीदारांकडे जातो. त्यात कोणाचे नाव नाही, पण लिलावात स्पर्धा उरली आहे की नाही हे त्यावरून कळते. या आकड्याला विरोध होईल. तो कोठून होतो, हेही पाहण्यासारखे असेल.

पैशांचे म्हणाल, तर आकार आधी मोजा. दिवसाला दोन हजार पट्ट्या आणि आठवड्याला तीन लिलाव असे ढोबळ धरले, तरी वर्षाला सव्वातीन लाखांच्या आत ओळी होतात. दहा वर्षांच्या तीस-बत्तीस लाख. पोस्टग्रेएसक्यूएलसारखी विनामूल्य प्रणाली एका साध्या सर्व्हरवर एवढे सहज पेलते. खर्च येईल तो माणसांवर. व्याख्या ठरवणारा, रोज रात्री आलेल्या नोंदी तपासणारा, वजन शून्य किंवा दर दहापट अशी संशयास्पद पट्टी बाजूला काढून ती आपल्या मनाने दुरुस्त न करता लिहिणाऱ्या कारकुनाकडे परत धाडणारा, असा एक पगारी माणूस हवा. संस्था पडदे आणि यंत्रे आनंदाने विकत घेतात, या माणसाच्या पगाराशी मात्र घासाघीस करतात. निविदेत ‘कृत्रिम बुद्धिमत्तेने दराचा अंदाज’ असे कलम कोणी घालू लागला, तर ते निदान पाच वर्षे बाजूला ठेवा. २०२३ च्या जुलैतला टोमॅटोचा भडका आणि पुढच्या काही आठवड्यांतली त्याची घसरगुंडी ज्या बाजाराने पाहिली, त्याला अंदाज विकायला येणारे पुष्कळ भेटतील. दोन कलमे मात्र हवीतच. साठ्याची मालकी समितीची, ठेकेदाराची नव्हे. आणि ठेका संपला की सगळा साठा कोणत्याही प्रणालीत उघडता येईल अशा स्वरूपात विनाअट परत. संचालक मंडळे पाच वर्षांनी बदलतात, साठ्याचे वय त्याहून मोठे असते.

क्रमाचे म्हणाल, तर सगळ्याच आवारांत एकदम हात घालू नये. एक आवार, एक पीक, एक हंगाम. पहिल्या वर्षी आळेफाट्याचा कांदा नीट बसला, की नारायणगावचा टोमॅटो क्रेटसकट घेता येईल आणि जुडीचा गुंता शेवटी. जुन्या पट्ट्यांच्या वह्या असतील, तर त्या संगणकात चढवण्याची घाई नको, पण त्या रद्दीत घालण्याचा ठराव तेवढा आजपासून थांबवावा.

तूर्त मागणी छोटी आहे. निविदा काढण्याआधी समितीने एक मसुदा जाहीर करावा. या साठ्याला विचारायचे पाच प्रश्न, पट्टीवर कोणकोणते रकाने असतील त्यांची यादी आणि प्रतवारीच्या व्याख्या, एवढेच त्यात असावे. तो आळेफाटा, नारायणगाव, ओतूर आणि बेल्हे येथील आवारांत फलकावर लावावा आणि त्यावर शेतकरी, आडतदार, खरेदीदार, मापाडी आणि हमाल यांच्याकडून महिनाभर लेखी हरकती घ्याव्यात. मापाड्यांच्या हरकती आधी वाचाव्यात. वजनाचा रकाना कुठे चुकतो, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत नसते.

कळावे.

आपला,
आळेफाटा परिसरातील एक नागरिक